खरं बोलणं मुलांना परवडतंय का?

लहान मुलांवरच्या संस्कारांचा विषय निघाला की दोन मिनिटांत सगळ्यांचं एकमत होतं, आणि मला तिथेच शंका यायला लागते. कुठेतरी शाळकरी पोरांनी काहीतरी भयंकर केलेलं असतं, बातमी फिरते, लोक हळहळतात, मग कोणीतरी म्हणतं की शाळेत आठवड्यातून एक तास चारित्र्य शिकवा, पुस्तक काढा, मार्क ठेवा, आणि बाकीचे माना डोलावतात. तासाला विरोध कोण करणार? प्रामाणिकपणा नको म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण प्रश्न तो नाहीये ना. चार-पाच-सात वर्षांच्या पोराला प्रामाणिकपणा तासाला बसवून येतो का, आणि येत नसेल तर मग येतो कुठून, हा प्रश्न आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मूल खरं बोलेल का, वाटून घेईल का, दुसऱ्याची वस्तू ढापेल का, हे त्याला काय शिकवलंय यावर कमी आणि त्याच्या भोवतीच्या मोठ्यांनी खरं बोलणं किती महाग करून ठेवलंय यावर जास्त ठरतं. आपण सगळा जोर लावतो मुलाच्या आत काहीतरी भरण्यावर, आणि त्याच्या आजूबाजूला आपण स्वतः काय मांडून ठेवलंय तिकडे कोणाचं लक्ष नसतं. (तिकडे बघितलं की आपल्यालाच बदलावं लागतं, आणि ते कोणाला हवंय!)

अमेरिकेत १९२०च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी दहा हजारांहून जास्त शाळकरी मुलांची परीक्षा घेतली, पण प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावून नाही, तर लबाडीची चांगली आयती संधी देऊन. म्हणजे मुलांनी पेपर सोडवायचा, तो गोळा करून मुलांच्या नकळत त्याची नक्कल करून ठेवायची, मग मूळ पेपर आणि उत्तरं मुलांच्या हातात देऊन म्हणायचं, घ्या, आपापले मार्क तुम्हीच द्या. कोणी गुपचूप उत्तर बदललं ते नकलेशी ताडून बघितलं की झालं. कुठे खेळात आपला स्कोअर आपणच सांगायचा, कुठे नाणी असलेली डबी हातात द्यायची आणि परत येते तेव्हा त्यात किती उरलीत ते बघायचं. १९२८ ते १९३० मध्ये याचे तीन खंड आले आणि संस्कारवाल्या मंडळींची चांगलीच पंचाईत झाली. एकतर प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन सरळ गट पडलेच नाहीत, पेपरात फसवणारं पोरगं नाण्यांना हात लावायचं नाही आणि नाण्यांवर डल्ला मारणारं खेळात अगदी सरळ वागायचं. आणि दुसरं म्हणजे चांगल्या वागण्याचे नियम कोणाला किती पाठ आहेत त्याचा प्रत्यक्ष वागण्याशी संबंध अगदी लेचापेचा निघाला. धार्मिक शिकवणीला जाणारी किंवा चारित्र्य घडवणाऱ्या मंडळात नाव घातलेली मुलं इतरांपेक्षा काही फार वेगळी वागत नव्हती.

पुढे १९६३ मध्ये रॉजर बर्टन नावाच्या संशोधकाने हीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि दाखवलं की अगदीच काही नाही असं नाही, थोडासा का होईना प्रामाणिकपणा प्रत्येक मुलाबरोबर एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जातो. मान्य. पण थोडासाच. बाकीचं सगळं प्रसंगावर, म्हणजे फसवून काय मिळतंय, पकडलं जाण्याची भीती किती, बाकीचे काय करतायत आणि समोरचा मोठा माणूस कसा आहे यावर. ज्या वर्गात शिक्षकांचं आणि मुलांचं जमत होतं तिथे फसवाफसवी कमी होती, हे त्या खंडांमध्ये स्पष्ट आहे. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत आपण तास, पुस्तकं, शपथा, तक्ते सगळं वाढवत नेलं, पण हे एक वाक्य कोणी भिंतीवर लावलं नाही.

जुनी गोष्ट आहे म्हणून सोडून द्या म्हणाल तर नवीही आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठीचे सात वेगवेगळे चारित्र्य-कार्यक्रम तब्बल ८४ शाळांमध्ये तपासले, काही शाळांत कार्यक्रम, काही शाळांत नेहमीसारखं, मुलं सहा हजारांच्या वर, तीन वर्षं पाठपुरावा. २०१० मध्ये अहवाल आला, आणि सरासरी बघता मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली नाही. आता दुसरी बाजूही सांगायला हवी नाहीतर मीच लबाडी केल्यासारखं होईल. २०११ मध्ये जोसेफ डुर्लाक आणि सहकाऱ्यांनी भावना ओळखणं, भांडण सोडवणं वगैरे शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र आढावा घेतला, त्यात वागणं आणि अभ्यास दोन्हीत फायदा दिसला. पण त्यातही चालले कुठले, तर ज्यात मुलं स्वतः करून बघतात, पायरीपायरीने एखादी गोष्ट हाताखालून घालतात असे. प्रामाणिकपणा म्हणजे काय ते पाच ओळींत लिहा, असले नाही.

बरं, लहान मूल हे काही कोरं भांडं नसतं हेही आपण विसरतो. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांचा २००६ चा एक प्रयोग आहे, तो मला फार आवडतो. दीड वर्षाची मुलं, धड बोलताही येत नाही, आणि समोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि हात पुरत नाही असं दाखवतो, किंवा दोन्ही हातात पुस्तकांचा ढीग घेऊन बंद कपाटाशी धडपडतो. मुलं डुगडुगत जातात आणि चिमटा उचलून देतात, कपाटाचं दार उघडतात! कोणी सांगितलेलं नसतं, थँक्यूही मिळत नसतं. मग त्याच दोघांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला, काही मुलांना मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलं, काहींचं नुसतं तोंडी कौतुक, काहींना काहीच नाही. आणि नंतर बक्षीस बंद झाल्यावर बक्षिसाची सवय लागलेली मुलंच मदतीत मागे पडली.

हे वाचलं की वर्गातले ते स्टार आठवतात. डबा वाटून खाल्ला एक स्टार, रांगेत उभं राहिलं एक स्टार, खरं बोललं दोन स्टार, महिन्याच्या शेवटी 'गुणी मूल' म्हणून बॅज. मी स्टार देणाऱ्या बाईंना दोष देत नाही हो, चाळीस पोरं समोर असली की जे हाताशी येईल ते माणूस वापरतो. पण त्यातून मूल शिकतं काय ते बघा ना. ते शिकतं की वाटून घेण्याचा रेट एक स्टार आहे, आणि बाई बघत नसताना वाटून घेणं म्हणजे शुद्ध तोटा. एका बालवाडीत मी हे डोळ्यांनी बघितलंय, एका मुलीने शेजारणीला खडू दिला, बाईंची पाठ होती, तर तिने खडू परत काढून घेतला, बाई वळेपर्यंत थांबली, आणि मग पुन्हा दिला. पाच वर्षांची असेल. हुशार होती ती, तिला आपण जे शिकवत होतो ते ती अचूक शिकली होती.

आता मुख्य मुद्दा, खोटं बोलणं. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मूल दोन-तीन वर्षांचं झालं की पहिलं खोटं बोलतं, आणि आईबाबांना वाटतं आता हे पोर वाया जाणार. खरं म्हणजे खोटं बोलायला डोकं लागतं. माझ्या मनात जे आहे ते समोरच्याला माहीत नाही, ही जाणीव आल्याशिवाय खोटं बोलताच येत नाही, म्हणजे ती बुद्धीच्या वाढीची खूण आहे, चारित्र्याच्या घसरणीची नाही. चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलं प्रसंगी खोटं बोलतात. ती बोलणारच, त्यांनी ते नेहमीचं हत्यार करायचं का नाही हे मात्र आपल्या हातात असतं.

व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास छापला. एका शाळेत शिस्त म्हणजे मार, छडी, चिमटे, थपडा, अगदी पेन्सिल विसरली तरी. दुसऱ्या शाळेत समजावणं, फार तर ऑफिसात पाठवणं. प्रयोग साधा, मुलाला पाठमोरं बसवायचं, मागे खेळणं ठेवायचं, आवाजावरून ओळख म्हणायचं, मग 'मी आलेच, वळून बघू नकोस हं' म्हणून बाहेर जायचं. वळून बघितलं दोन्हीकडच्या बहुतेकांनी, तीन-चार वर्षांचं पोर दुसरं काय करणार. पण 'बघितलंस का?' विचारल्यावर माराच्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली, आणि पुढचा खोचक प्रश्न विचारल्यावर ते खोटं जास्त सफाईने निभावूनही नेलं. म्हणजे माराने चोरून बघायचं थांबलं नाही, खोटं तेवढं पक्कं झालं.

घरात हे रोज घडतं आणि त्याला मार लागतोच असं नाही. फुटलेली काचेची बरणी जमिनीवर पडलीय, तुकडे पसरलेत, स्टूल ओट्याला लावलेलं आहे, पोराच्या पायाशी झाकण आहे, आणि आई कमरेवर हात ठेवून विचारते, "कोणी केलं हे?" आता हा प्रश्न आहे का? तिला माहीत आहे कोणी केलं, पोरालाही माहीत आहे की तिला माहीत आहे. हा सापळा आहे. खरं बोललं तर आत्ताच्या आत्ता आरडाओरडा नक्की, खोटं बोललं तर निदान दहातला एक चान्स. पाच वर्षांचं पोर हिशोब बरोबर करतं आणि म्हणतं, "मांजर आली होती." मग बरणीची शिक्षा वेगळी, खोट्याची वेगळी, आणि वर प्रामाणिकपणावर प्रवचन. त्याऐवजी "बरणी फुटली ना, पाय बाजूला घे आधी, काच लागेल, आणि मग आपण दोघं मिळून हे साफ करू" एवढं म्हटलं असतं तर खोटं बोलायची गरजच उरली नसती. आपणच प्रश्न विचारून खोटं तयार करतो आणि मग ते पकडल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटतो.

म्हणजे काहीच बोलायचं नाही का? लाडावून नाही का ठेवणार? हा आक्षेप हमखास येतो, आणि तो अगदी फालतू नाहीये. काही घरांत खरंच पोराने काहीही करावं आणि सगळ्यांनी कौतुकाने बघावं असं चालतं, ते मला बिलकुल मान्य नाही. पण परिणाम भोगणं आणि शिक्षा भोगणं यात फरक आहे. बरणी फोडली तर साफ करायला हात लावायचा, पुढच्या वेळी स्टुलावर चढायच्या आधी हाक मारायची, हे परिणाम झाले आणि ते टाळू नयेतच. ओरडणं, टोमणे, आजीला फोन करून सांगणं, पाहुण्यांसमोर 'आमचा खोटारडा' म्हणणं, यातून बरणीचं काहीच भलं होत नाही. मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकापासून हेच मांडलं, की धाक दाखवण्यापेक्षा किंवा प्रेम काढून घेण्यापेक्षा 'तू असं केल्यामुळे त्याला काय झालं ते बघ' हे शांतपणे दाखवलेलं मुलात जास्त मुरतं. त्यात बोलणं आहेच की. फक्त ते थोडकं आहे, समोर घडलेल्या गोष्टीबद्दल आहे, आणि ज्याला लागलं त्याच्याबद्दल आहे, तत्त्वाबद्दल नाही.

'सॉरी म्हण' हे याच घराण्यातलं प्रकरण. एकाने दुसऱ्याचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला, मोठे धावले, "सॉरी म्हण आधी!", तो जमिनीकडे बघत पुटपुटतो, प्रकरण बंद. ज्याचा मनोरा पडला तो तसाच रडत बसलेला, त्याच्याकडे बघायला कोणी नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांवर असाच मनोरा पाडून केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये छापून आलाय, त्यात नुसत्या माफीने मुलांना त्या वेळी विशेष बरं वाटलं नाही, पडलेला मनोरा उभा करायला मदत केली तेव्हा मात्र वाटलं. पोरांना कळतं हे. सॉरी हा सुटकेचा पास झाला की मारा, सॉरी म्हणा, परत मारा हे चक्र सुरू होतं, आणि आम्ही तर शिकवलं होतं बाई, असं म्हणायला आपण मोकळे.

गोष्टी सांगाव्यात का? सांगाव्यात, भरपूर सांगाव्यात, पण गोष्टीने चारित्र्य घडतं हा भ्रम बाळगू नये. कांग ली यांच्याच गटाने २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून वर सांगितलेला खेळण्याचा प्रयोग केला. 'लांडगा आला रे आला' आणि खोटं बोललं की नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकून मुलांच्या खरेपणात काही फरक पडला नाही. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाच्या गोष्टीने, ज्यात पोरगा झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील खरं बोलल्याबद्दल आनंदाने जवळ घेतात. आणि त्याच गोष्टीचा शेवट बदलून, खोटं बोललं आणि शिक्षा झाली असं केल्यावर तिचाही परिणाम गेला. म्हणजे खोटं बोलल्यावर लांडगा खातो हे ऐकून मूल फक्त घाबरतं, खरं बोलल्यावर कोणीतरी जवळ घेतं हे ऐकून त्याला खरं बोलावंसं वाटतं. (आणि यातली बहार अशी की ही चेरीची गोष्टच मुळात बनावट आहे, मेसन वीम्स नावाच्या चरित्रकाराने १८०६ च्या आवृत्तीत ती घुसडली. खरेपणा शिकवणारी सगळ्यात यशस्वी गोष्ट म्हणजे एक थाप!)

आणखी एक. टोरंटोच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली, काहींना माणसांची पात्रं, काहींना तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची. माणसांची गोष्ट ऐकून मुलांनी स्टिकर जास्त वाटले, प्राण्यांची ऐकून नाही. कोल्हा-ससा-अस्वल यांनी केलेलं मूल स्वतःला लावून घेईलच असं नाही, हे ध्यानात ठेवून कोल्ह्याची गोष्ट निव्वळ मजेसाठी सांगावी की, तिच्या शेपटीला 'तात्पर्य' बांधायचा अट्टहास कशाला.

आता आपल्याकडे वळू, म्हणजे मोठ्यांकडे. 'मुलं आपलं बघून शिकतात' हे सगळे म्हणतात आणि कोणीही ते मनावर घेत नाही. तिकीट खिडकीपाशी उभं असलेलं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा, अमुक वयाखालच्या मुलाला तिकीट नाही अशी पाटी, आणि मुलीला नुकतंच ते वय पूर्ण झालंय. तिला ते माहीत आहे, वाढदिवसाचा केक तिनेच कापलाय, आता मी मोठी झाले म्हणून ती घरभर सांगत फिरतेय. बाबा खिडकीत वाकून एक वर्ष कमी सांगतात. मुलगी तोंड उघडते, आई हात दाबते. एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम, तिकिटाचे पैसे वाचले, कोणाचं काही बिघडलं नाही. पण त्या मुलीला त्या अर्ध्या मिनिटात जे कळलं ते वर्षभराच्या तासांनी पुसता येणार नाही, की खरं-खोटं हे पैशांवर ठरतं, आणि खरं बोलायला निघालं की आपलीच माणसं हात दाबतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण आपण पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलीय, तिचा पहिला वापर घरात व्हायला हवा.

चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी २०१४ मध्ये हेच मोजलं. काही मुलांना संशोधिका आधी सांगते की शेजारच्या खोलीत गोळ्यांनी भरलेलं भांडं आहे, मग कबूल करते की तसं काही नाही, तुला खेळायला आणायचं म्हणून सांगितलं. बाकीच्यांना असं काही फसवलेलं नाही. मग तोच, वळून बघू नकोसचा खेळ. पाच ते सात वर्षांच्या गटात न फसवलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी चोरून बघितलं, फसवलेल्यांपैकी जवळजवळ ८० टक्क्यांनी. आणि बघितलेल्यांपैकी त्याबद्दल खोटं बोलणारे एकीकडे सुमारे ६० टक्के, दुसरीकडे ९० च्या आसपास. एक क्षुल्लक थाप, तीही अनोळखी बाईने मारलेली! आपण तर 'चल नाहीतर मी तुला इथेच सोडून जाते', 'इंजेक्शन अजिबात दुखत नाही', 'मोबाईल बिघडलाय' असलं दिवसभर सांगत असतो, आणि इंजेक्शन दुखतं हो, मूल काही वेडं नाहीये.

दिलेला शब्द पाळणं हाही यातलाच भाग. मार्शमेलोचा (म्हणजे एक मऊ, गोड मिठाई) तो प्रसिद्ध प्रयोग सगळ्यांनी ऐकलाय, एक आत्ता खा किंवा थांबलास तर दोन मिळतील, आणि थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी. त्यावरून 'संयम शिकवा' म्हणून केवढा बाजार उभा राहिला. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन तपासलं तर तो संबंध मूळ अभ्यासाच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर आणखी बराच आटला. पण त्याहून बोलका प्रयोग २०१३ चा, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा. मार्शमेलो द्यायच्या आधी संशोधकाने चित्र काढायचं चांगलं सामान आणून देतो म्हणून सांगितलं, काही मुलांना खरंच आणून दिलं, काहींना 'नाहीये गं, सॉरी' म्हणून हात हलवत परत आला. मग मार्शमेलो. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवलेली तीन. मुलं थोडीच होती, २८, पण फरक केवढा आहे बघा. ज्याला अनुभवाने कळलंय की उद्याचं उद्या मिळत नाही, त्याने आत्ताच खाऊन टाकणं हा संयमाचा अभाव नाही, तो शहाणपणा आहे. आणि अशा मुलाला आपण 'हावरट' म्हणून शेरा देतो.

म्हणून मला प्रगतिपुस्तकातला 'प्रामाणिकपणा: ब' हा रकाना काढून टाकावासा वाटतो. एकतर हार्टशॉर्न-मे यांच्या आकड्यांनुसार असा एकच एक प्रामाणिकपणा मोजायला मुलात बसलेला नसतो. शिवाय प्रामाणिकपणाला मार्क दिले की मूल प्रामाणिक दिसायला शिकतं, ती वेगळी कला आहे आणि तिची जगात आधीच टंचाई नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सहा वर्षांच्या पोराला 'ब' दर्जाचा प्रामाणिक ठरवलं की त्याच्याकडून पुढे काय अपेक्षा ठेवायची?

मग शाळेने करायचं काय? शाळेला अजिबात जबाबदारी नाही असं मी म्हणत नाहीये, सगळं घरावर ढकलणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही आहे कारण काही मुलांच्या घरात शब्द पाळणारं कोणी नसतंच, त्यांच्यासाठी शाळा हीच एक जागा असते. पण तास वाढवून काही होणार नाही. शाई सांडली, पुस्तक फाटलं, गृहपाठ विसरला, शेजाऱ्याची पेन्सिल घेतली, हे सांगायला मूल टेबलापाशी येतं तेव्हा काय होतं, एवढं एक बघावं. ते हळू आवाजात सांगू शकतं का, की सगळ्या वर्गासमोर उभं राहून सांगावं लागतं? फडकं कुठे आहे ते त्याला माहीत आहे का, म्हणजे स्वतःच पुसता येईल? पेन्सिल परत ठेवायला चोर न ठरता जागा आहे का? खेळाचे नियम वर्षातून एकदा तरी मुलांना आपापसात ठरवू देतात का, कारण मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी १९३२ मध्येच लिहून ठेवलंय की नियम वरून आलेला असला की लहान मूल तो दगडासारखा मानतं, चुकून पंधरा कप फोडणारा त्याला जॅम चोरताना एक कप फोडणाऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटतो, आणि हेतू बघायला ते शिकतं ते बरोबरीच्या मुलांशी खेळताना, भांडताना, ठरवताना. मोठ्यांच्या भाषणातून नाही.

शिक्षक म्हणतील, आमच्या वर्गात पोरं किती आहेत ते तरी बघा, एकेकाचं ऐकत कधी बसणार. बरोबर आहे त्यांचं, शंभर टक्के. इथेच खरा पैशांचा प्रश्न येतो आणि म्हणूनच तो कोणी काढत नाही. चारित्र्याचं पुस्तक छापणं स्वस्त आहे, वर्गातली मुलं कमी करून जास्त शिक्षक नेमणं महाग आहे. शपथ घ्यायला दोन मिनिटं लागतात, दोन भांडलेल्या पोरांबरोबर बसून पडलेला मनोरा परत उभा करायला वीस लागतात, आणि ती वीस मिनिटं वेळापत्रकात कुठेच नसतात. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी मुलांच्या संस्कारांसाठी नवा तास, नवी परीक्षा, नवं पुस्तक आणायची घोषणा केली तर मला एवढंच विचारायचंय, त्याच पैशांत किती शिक्षक वाढले असते?